मनीषाच्या नावाची वेल

"तुझं नाव नको. मनीषा टाक."

ठोंबरे सर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि सुट्टी वाया जाऊ नये म्हणून बाबांनी मला त्यांच्या कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. माझ्या नावाची दोन अक्षरं टाकून झाली होती. का म्हणून विचारायचा माझा स्वभाव नव्हता. मी ती पुसली आणि मनीषा टाकलं.

"आता कोणती बी कळ दाब. मनाला येईल तशी. थांबावंसं वाटलं तर थांब. कुणी मागं लागलं न्हाई."

मी एक कळ दाबली. काळ्या पडद्याच्या तळाशी एक हिरवी रेघ उगवली आणि थोडी वर आली. दुसरी कळ दाबली तसा तिला फाटा फुटला. भराभर दाबलं की आखूड, दाट फुटवे यायचे. थांबलं की रेघ लांबत जायची, वाकायची, थांबणं फारच लांबलं की तिचा रंग बदलायचा आणि टोकाला कधी पिवळा, कधी निळा ठिपका यायचा. मी फार वेळ थांबत होते. मला कुठेही लवकर हात घालता येत नाही. माझी वेल बारीक, लांबच लांब आणि एकाच बाजूला गेलेली निघाली.

सर खुर्चीच्या मागे हात पाठीशी बांधून उभे होते. चित्र संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग "बरं" एवढंच म्हणाले. "आता स्पेस दाब." स्पेस दाबली की पडदा काळा व्हायचा. ती कळ ते स्वतः कधी दाबत नसत. कोणी विसरून उठला तर त्याला परत बोलावून दाबायला लावत.

नव्या जालन्यात एका बियाण्याच्या दुकानावर त्यांचा क्लास होता. खालून बियाण्याला लावायच्या औषधाचा वास जिन्याने वर यायचा. वर एका बाजूला टाइपरायटरची रांग, दुसऱ्या बाजूला कापडी पडद्याआड तीन कॉम्प्युटर. सर मूळचे केदारखेड्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. भाऊ शेती बघत होते आणि हे जालन्याला येऊन टायपिंग शिकवत होते. कॉम्प्युटर आले तेव्हा पुस्तकं आणून, उदाहरणं करून बघत ते आपले आपणच शिकले. बिनइस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि दोन्ही हातांची नखं अगदी बारीक कापलेली. टायपिंगवाल्याला नखं परवडत नाहीत, असं ते म्हणत.

त्यांच्या कानाची आम्हाला भीती वाटायची. ते भिंतीकडे तोंड करून हजेरी लिहीत बसत आणि मागे दहा-बारा मशीन खडखडत असत. मध्येच मान न वळवता म्हणत, "नसरीन, करंगळी झोपली का तुझी? सकाळी चहा न्हाई पाजला तिला?" नसरीन खरोखरच करंगळीचं काम अनामिकेवर ढकलत असायची. जिन्यावरून आलेलं माणूस कोण हे बघण्याची त्यांना गरज नव्हती. ते माणूस मशीनवर बसलं आणि दोन ओळी टाइप केल्या की तिकडूनच म्हणत, "ये, बरेच दिवस आली न्हाईस." ते म्हणत, चालीवरून माणूस ओळखू येतो ना, तसा बोटांवरूनही येतो. चाल माणूस बदलू शकतो, बोटं लबाडी करत नाहीत.

'वेल' हा प्रोग्राम त्यातूनच निघाला होता. कोणती कळ दाबली यापेक्षा दोन कळांमध्ये किती वेळ गेला, हे तो मोजायचा. नाव टाकलं की त्या नावातल्या अक्षरांवरून बुंधा कुठून निघणार आणि किती कलणार हे ठरायचं. पुढचं सगळं बोटांवर. आज या गोष्टीत कुणाला नवल वाटणार नाही. त्या काळी जालन्यात कॉम्प्युटर शिकणं म्हणजे पगारपत्रक आणि मार्कलिस्ट करायला शिकणं होतं. त्याच यंत्रात कोणी वेल लावतं, हे मी दुसऱ्या कुठल्या क्लासात पाहिलं नव्हतं.

दोन महिने मी रोज शेवटची दहा मिनिटं मनीषाची वेल काढत होते. वाटायचं, क्लासची पद्धत असेल, जशी टायपिंगला ठरलेली वाक्यं असतात तशी. शेवटी एक दिवस जिना उतरताना नसरीनला विचारलं, "मनीषा कोण गं?"

ती पायरीवरच थांबली. "या अल्ला, दोन महिने झाले की येऊन! तुला म्हाईतच न्हाई?"

"कुणी सांगितलं नाही."

"विचारलं का कुणाला? इंग्लिश मीडियमवाल्यांना फीमध्ये तोंड मिळत न्हाई का?" मग तिने जिन्यावर वर बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "सरांची पोरगी. अकरा वर्षांची होती. मेंदूज्वरानं गेली. चार वर्ष झाले."

तिनेच मला सगळं सांगितलं. मनीषा शाळा सुटली की दप्तरासकट क्लासला यायची. 'वेल' नवीनच तयार झाली होती. एका दुपारी तिने स्वतःचं नाव टाकलं आणि पाऊण तास बसून चित्र काढलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन वर आल्या होत्या, त्यांनीही ते पाहिलं. फार सुंदर झालं होतं म्हणे. मनीषा म्हणाली, बाबा, हे ठेवा ना. सर म्हणाले, ठेवायचं नसतं, वेल आहे ती, फोटो नाही. उद्या ये, याच्याहून भारी काढशील. ती हट्टाला पेटली, कळांवरून हात काढीना, तेव्हा सरांनीच तिच्या खांद्यावरून हात घालून हसत हसत स्पेस दाबली. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. आठ दिवसांत सगळं संपलं.

"आता ते सगळ्यांना तिचं नाव टाकायला लावतात," नसरीन म्हणाली. "कुणाच्या तरी हातून तिची वेल निघल म्हणून. मी तर शंभरदा काढली असल. माझी आपली बोराटीच निघते."

त्यानंतर त्या खुर्चीवर बसताना मला पाठीमागचे सर जाणवू लागले. ते काय शोधत आहेत ते आता माहीत होतं. मला वाटायचं, आपल्या हातून यावं. मी मनातल्या मनात अकरा वर्षांची व्हायचा प्रयत्न करायची, मुद्दाम घाई करायची, मुद्दाम थबकायची. सर लगेच म्हणत, "नाटक करू नको. तुझ्या हातानं दाब."

काकूंना सगळे घाबरत. त्या दुपारी चहाची किटली घेऊन वर येत, टाइपरायटरच्या बाजूला बसत आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे कायम पाठ करत. मधल्या कापडी पडद्यापलीकडे कधी गेल्या नाहीत. सरांना चहा द्यायचा तर आमच्यापैकी कुणाच्या तरी हाती पाठवत. पोरांचं म्हणणं, काकूंना कॉम्प्युटरचा राग आहे, त्यापायी शेवटच्या आठवड्यात सर पोरीकडे नीट बघू शकले नाहीत असं त्यांना वाटतं. मी एकदा धीर करून म्हटलं, काकू, या ना, नवीन रंग घातलेत सरांनी. त्या म्हणाल्या, "नगं माय. त्या उजेडानं डोळे चुरचुरतात माझे."

त्या वर्षी सरांनी अंगारकीला राजूरला मशीन नेलं. गणपतीला येणाऱ्या गर्दीतले किती तरी हात मिळतील, असा त्यांचा हिशेब. ओळखीच्या एका प्रसादाच्या दुकानातून वीज घेतली, टेबल मांडलं, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, 'बोटाने चित्र काढा'. नसरीनला आणि मला मदतीला नेलं. आमची चूक एवढीच झाली की शेजारी कॉम्प्युटरवर भविष्य सांगणाऱ्याचा स्टॉल होता. त्याची रांग लांब होती, आमच्याकडे कोणी नव्हतं, आणि दोन्हीकडे यंत्र तेच. अर्ध्या तासात निम्मी रांग आमच्याकडे वळली.

पहिल्या नंबरला एक म्हाताऱ्या बाई होत्या. पिशवी छातीशी धरलेली, कपाळावर भलंमोठं कुंकू. "पोरीचं जमल का यंदा, तेवढं बघा."

"मावशी, यात भविष्य न्हाई," सर म्हणाले.

"मंग काय हाय?"

"चित्र."

"कुणाचं?"

"तुमचं."

"माझं? अशी हिरवीगार हाय व्हय मी?" मागची रांग हसली.

मी की-बोर्डपाशी बसले होते. सरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "मनीषा टाक." बाईंनी ते ऐकलं. "आरं बाबा, माझं नाव गयाबाई. मनीषाचं टाकलं तर मनीषाचं निघल की. मला काय करायचं तिचं?"

यावर तर लोक खो खो हसले. सरही हसले. मग त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले.

गयाबाईंनी एकाच बोटाने कळा दाबल्या. एक दाबायची, तेवढाच वेळ जाऊ द्यायचा, दुसरी दाबायची. शेतात बोटाने खड्डा करून एकेक सरकी टोबावी तसं. पडद्यावर सारख्या अंतरावर सारखे फाटे असलेली, नांगराच्या तासाला धरून लावल्यासारखी वेल उभी राहिली. इतकी सरळ, शांत वेल मी आधी पाहिली नव्हती. सर पुढे वाकले. "बघा, बघा पोरींनो! सगळा जन्म सरकी टोबली यांनी. हात तोच, बिलकुल तोच. यांना कुणी चित्रकला शिकवली न्हाई अन् यांचं चित्र दुसऱ्या कुणाला येणार न्हाई."

गयाबाईंना तेवढ्याने आनंद झाला. उठता उठता त्यांनी विचारलं, "ही मनीषा कोण वो?"

"माझी पोरगी."

"कुठं दिली?"

"लांब," ते म्हणाले.

"लांब देऊ नये," गयाबाई म्हणाल्या. "बघायला मिळत न्हाई मंग." आणि त्या प्रसादाकडे वळल्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लोक येत राहिले. भविष्य नाही म्हटल्यावर काही चिडून गेले, काही थांबले. सर प्रत्येकाच्या मागे उभे होते. परतताना जीपमध्ये मशीन मांडीवर घेऊन बसले. नसरीनने विचारलं, "सर, कुणाची जवळपास आली का?" "गयाबाईंची चांगली होती," सर म्हणाले.

त्यांना आपलं काम चित्र म्हणून ओळखलं जावं असं फार वाटे, हे मला दुसऱ्या एका प्रसंगात कळलं. शाळांच्या कलाप्रदर्शनात त्यांनी 'वेल' ठेवायला नेली. एक परीक्षक आले, चित्रकलेचे शिक्षक असावेत. मशीनभोवती फिरून म्हणाले, "छान आहे. पण हे विज्ञानात ठेवायला हवं होतं. इथं चित्र कुठाय?"

"दाबा, येईल."

त्यांनी एक कळ दाबून धरली. झुडूप झालं. "हे तर मशीननं काढलं."

"न्हाई साहेब. मी वाफे पाडून ठेवलेत, पाण्याला दंड काढून ठेवलाय. पाणी तुमचं. पाणी कसं सोडता त्यावर पीक."

"मग बक्षीस द्यायचं कुणाला? तुम्हाला, दाबणाऱ्याला, की मशीनला?"

सरांनी खरोखर विचार केला. मला वाटतं तो प्रश्न त्यांना कुणी तरी विचारावा याची ते वाट बघत होते. "जो मधीच थांबला, त्याला," ते म्हणाले. "दाबत तर कुणी बी राहतं. कुठं थांबावं हे ज्याच्या हाताला समजलं, चित्र त्याचं. मी फक्त त्याचं थांबणं दिसल अशी सोय करून ठेवली."

परीक्षक वाईट माणूस नव्हता. त्याने समजुतीने सांगितलं की कागदावर एक तरी नमुना काढून भिंतीला लावा, म्हणजे गुण देता येतील. सर नाही म्हणाले. मशीन उचलून आम्ही परत आलो. रिक्षात मी कधी नव्हे ते विचारलं, "सर, एक प्रिंट काढली असती तर काय झालं असतं? आणि सेव्ह करायची सोय तर चार ओळींत होईल."

"तिला न्हाई म्हणलो मी," सर म्हणाले. "मंग तुला हो म्हणू? त्या मास्तरला हो म्हणू?"



अकरावीत आम्हाला संभाव्यता शिकवली तेव्हा मी क्लासवर बसून वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. त्या कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदात किती ठोके मोजतं, एका चित्राला साधारण किती कळा लागतात, आणि तेच चित्र दुसऱ्याच्या हातून पुन्हा निघण्याचा संभव किती. उत्तरात इतकी शून्यं आली की ओळ पुरली नाही. मी पान फाडलं आणि पर्समध्ये चुरगळून ठेवलं. सरांनी ते कसं पाहिलं कोण जाणे. क्लास सुटताना जवळ आले. "गणित बराबर हाय तुझं. मी बी केलंय. तेच येणार न्हाई, मला ठावं हाय. तसं यावं. जवळपासचं."

"तसं म्हणजे कसं, सर?"

त्यांनी हवेत बोटाने काढून दाखवलं. डावीकडून चढलेली, वर गेल्यावर खाली झुकलेली, मध्ये पिवळे ठिपके. किती लख्ख सांगितलं त्यांनी! मी ते घरी जाऊन वहीत काढून ठेवलं.

मला बोलायला जमत नसलं तरी ऐकलेलं माझ्या लक्षात राहतं. म्हणूनच पुढच्या वर्षी एका नवीन मुलीला ते सांगत होते तेव्हा मी मान वर केली. या वेळी वेल उजवीकडून चढली होती. ठिपके निळे होते. आणखी काही महिन्यांनी ती खाली झुकलेली नव्हती, वरच्या कडेला जाऊन पसरली होती. प्रत्येक वेळी तेवढ्याच खात्रीने, तसंच हवेत बोट फिरवून. मी कुणाला काही बोलले नाही. नसरीनलासुद्धा नाही. वही मात्र घरी जाऊन उघडून बघितली आणि परत ठेवली.

बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला औरंगाबादला गेले. सुट्टीत जालन्याला आले की क्लासवर चक्कर असायची. दर वेळी पोरं कमी झालेली. सरकारमान्य सर्टिफिकेट देणारे मोठे क्लास निघाले होते, काचेची दारं, रंगीत फलक. टायपिंगला कोणी येईना. सरांचे कॉम्प्युटर जुने झाले होते, 'वेल' नवीन मशीनवर चालत नव्हती. चाललीच तर घड्याळ वेगळं असल्याने भलतीच काही तरी धावत सुटायची. म्हणून ते एकच जुनं मशीन दुरुस्त करत करत जिवंत ठेवत होते. येईल त्याला, वीजबिल द्यायला आलेल्या माणसालासुद्धा, बसवत होते. "मनीषा टाका."

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मध्यंतरी एका कलादालनात असंच एक काम मांडलं होतं. अंधारी खोली, भिंतभर पडदा, आपण हात हलवला की रेषा वाहू लागतात. खाली कलाकाराचं नाव, आणि शेजारी एक परिच्छेद, की बघणारा हाच या कलाकृतीचा सहनिर्माता आहे. लोक हात हलवत होते, लहान मुलं नाचत होती. जीपमध्ये मांडीवर मशीन घेऊन बसलेला माणूस हेच म्हणत होता, हे मी तिथे कुणाला सांगणार? मी हात खिशातून काढला नाही. भिंत माझ्यापुरती काळीच राहिली.

क्लास बंद झाला त्या दिवशी मी योगायोगाने जालन्यात होते. सर आणि काकू केदारखेड्याला परत निघाले होते. वर गेले तर टाइपरायटर भंगारवाल्याने नेलेले, भिंतीवर त्यांचे चौकोनी डाग. काकू जमिनीवर बसून रजिस्टरांचे गठ्ठे सुतळीने बांधत होत्या. मधला पडदा काढलेला होता, त्यामुळे खोली एकच झाली होती. एका स्टुलावर ते जुनं मशीन तेवढं अजून सुरू होतं.

"आली का इंग्लिशवाली," सर म्हणाले. ते खूप वाळले होते. "बस. एकदा काढ. मंग बंदच करायचंय."

मी बसले. मनीषा टाकलं. किती वर्षांनी बोटं तिथे टेकली होती. मी काहीच ठरवलं नाही, नाटक केलं नाही. वेल चढत गेली. कधी घाई झाली, कधी थांबले. थांबावंसं वाटलं तिथे हात काढून घेतला.

मागून "बरं" आलं नाही. मी वळून बघितलं. सर पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा मी आधी पाहिला नव्हता असा झाला होता. घाबरलेला.

"अशीच होती का गं?" ते म्हणाले. मला वाटलं मला विचारतायत. पण ते काकूंना विचारत होते. "अगं, सांग ना. अशीच होती का तिची?"

काकूंनी मान वर केली नाही. सुतळीची गाठ मारत राहिल्या. "न्हाई."

"न बघताच सांगून राह्यली?"

"बघायचं काय त्यात. न्हाई तशी."

सर शेजारच्या खुर्चीवर बसले. मग जे बोलले ते आमच्या दोघींपैकी कुणाकडेही न बघता. "मला याद न्हाई आता. किती पाह्यल्या गं. हजारो पाह्यल्या तिच्या नावाच्या. एकावर एक बसत गेल्या. आता खरी समोर आली तरी मला समजायची न्हाई. ही जर तीच असली तर? मी ओळखली न्हाई तर?"

खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"मला हाय याद," काकू म्हणाल्या.

"तुला?"

"एकच तर पाह्यलीय म्या. तिच्यानंतर त्या काचेकडं पाह्यलं का कधी? दुसरी बघितली अस्ती तर ती गेली अस्ती. तुमच्यावानी."

मला उठून जायला हवं होतं, पण उठले असते तर खुर्ची वाजली असती.

सर पुढे झुकले. एखादं मूल खाऊ मागतं तसा आवाज झाला होता त्यांचा. "मंग सांग ना मला. कुठून चढली होती? रंग कोणता होता? तेवढंच सांग, रंग कोणता होता?"

काकूंनी गठ्ठा बाजूला सारला. पदराने हात पुसले. रागावतील असं मला वाटलं, पण त्या अगदी हळू बोलल्या, समजावून सांगितल्यासारखं.

"सांगितलं की तुमी काढायला बसचाल. इकडून न्हाई तिकडून, असं न्हाई तसं, म्हणून रोज इच्यारचाल. अन् मी बी सांगता सांगता चुकल एखांद्या दिशी. मंग ती दोघांपाशी बी ऱ्हायची न्हाई. एवढी एकच जागा ऱ्हायलीय तिला. न्हाई सांगणार मी."

सरांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मग ते उठले. मी स्पेसकडे हात नेला तर त्यांनी नको म्हणून खूण केली आणि मशीनच्या मागे जाऊन सरळ वायरच ओढली. पडदा आक्रसत एका ठिपक्यावर आला आणि विझला.

सामान उतरवायला मी मदत केली. मशीन मात्र त्यांनी वर स्टुलावरच राहू दिलं. दुकानदाराला सांगितलं, लागलं तर ठेव, न्हाई तर दे भंगारात. टेम्पोत मागे गाद्या, भांडी, रजिस्टरं चढली. काकू पुढे चालकाशेजारी बसल्या, सर कडेला. मी नमस्कार केला. "अभ्यास करत राहा," ते म्हणाले. मी शिकून नोकरीलाही लागले होते, पण हो म्हटलं.

टेम्पो रस्त्यावर वळायला थांबला तेवढ्यात मला दोघं समोरून काचेतून दिसली. काकू सरळ पुढे बघत होत्या. सर पूर्ण त्यांच्याकडे वळून बसले होते आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते, इतक्या जवळून, इतके एकटक, जसे ते आयुष्यभर आमच्या पाठीमागे उभे राहून बघत आले होते. काकूंना ते जाणवलं असावं. त्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. फक्त डोळे मिटून घेतले.

टेम्पो भोकरदनच्या रस्त्याला लागला.